अर्थिंगची तार

मिना म्हणाली, "दाजी, त्या दिवशी ताईचं वाजवणं तुमी बंद पाडलं," आणि लगेच पुढं म्हणाली की चहा सांगू नका, आत्ताच स्टँडवर घेतला. दोन्ही वाक्यं तिनं एकाच आवाजात सांगितली. मी पाच एचपीच्या मोटारीतून जळालेली तार उपसत होतो. एक वेढा अर्धा बाहेर आला होता, तो तसाच हातात राहिला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मिना म्हणजे गोरेगावकडच्या तांड्यावरच्या लालसिंगची पोरगी. माझी बायको प्रियदर्शनी, तिच्या हाताखाली ती डीजेची मशीन वाजवायला शिकली आणि तिला ताई म्हणायची. आता पुण्यात राहते आणि तिथं वाजवते. प्रियदर्शनीला जाऊन आज दोन वर्षं झाली. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, दुपारी दोनला कुरुंद्याला माझ्या सासऱ्याच्या हळदीच्या शेडमध्ये मिनानं वाजवायचं, हे महिनाभर आधी ठरलेलं होतं. बसमधून उतरून ती सरळ हिंगोलीतल्या माझ्या दुकानात आली तेव्हा मला वाटलं, वायरचा तुकडा नाहीतर पिना मागायला आली असेल. पण ती म्हणाली, तिला आज स्वतःचं काही वाजवायचं नाही. चार वर्षांपूर्वी त्याच शेडमध्ये ताईचं जे मधेच तुटलं, ते पुरं वाजवायचं आहे, आणि त्यासाठी शेडची अर्थिंग चाळीस मिनिटं काढून द्यावी लागेल. सासऱ्यांना तिनं फोनवर विचारलं होतं. त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं, भीमराजनं लावली, भीमराजच काढंल, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई.

मी चार वर्षं असं समजत होतो की त्या दिवशी मी तिला वाचवलं. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण मनात ते पक्कं होतं. माणूस गेल्यावर आपण तिच्यासाठी काय काय केलं याची यादी मनात फिरत राहते, आणि माझी यादी फार लांब नाही. त्यात ही एक गोष्ट बराबर उभी होती. दिवाळी होऊन गेली होती, हळदीला अजून वेळ होता, शेड रिकामं होतं. प्रियदर्शनी पुण्याला वाजवायची, मुंबईला, बंगळूरला वाजवायची, तळघरात, बंद पडलेल्या कारखान्यात, जिथं पाटी नसते तिथं. आपल्या गावात तिनं हे नुसत्या ठोक्याचं संगीत कधी वाजवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा. पत्रिका नाही, बॅनर नाही, सकाळी मोबाइलवर ठिकाण आलं आणि दुपारपर्यंत साठ-सत्तर लोक जमले. निम्मे पुण्या-संभाजीनगरचे, निम्मे आपल्याकडचे. शेडला लाइट शेतीच्या फीडरवरची, त्या आठवड्यात थ्री फेज दिवसा होती, म्हणून कार्यक्रम दिवसा. पुण्याची पोरं हसत होती की कार्यक्रमाचा टाइम महावितरण ठरवतं. मी मागं बोर्डापाशी उभा होतो. तिचं वाजवणं सुरू झालं, आणि ठोक्याच्या खाली मला घुं असा आवाज ऐकू आला. मोटारवाल्याला हा घुं झोपेतही कळतो. लाइनमध्ये फॉल्ट असला, अर्थिंग नसली की स्पीकर असा घुमतो. मी बाजूनं जाऊन तिच्या मिक्सरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. ती अनवाणी उभी होती आणि खाली कोबा ओला होता.

तिनं टेस्टर पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि मान हलवून नाही म्हणाली. मला वाटलं, आत्ता नको, मधे थांबवू नका, असं म्हणते. मी थांबवलं नाहीच. शेडच्या मागं जाऊन सब्बलीनं खड्डा घेतला. कोळसा सासऱ्यांच्या भट्टीपाशी होता, मीठ सासूबाईंकडून आणलं, रॉड माझ्या गाडीला कायम बांधलेला असतो. कोळसा, मीठ, पाणी, वरून माती. तार बोर्डाला आणली, तिथून तिच्या टेबलापर्यंत नेली आणि पिळून घट्ट केली. घुं एकदम गेला. पाणी तोडावं तसा गेला. मी घामानं निथळत होतो आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याकडं बघून हात वर केला. तिचा हात मिक्सरच्या पत्र्यावर होता. तिनं तो उचलला, परत ठेवला, परत उचलला. मग दुसऱ्या हातानं ठोका वाढवला आणि पुढचा अर्धा तास नुसता ठोका वाजवला. लोक नाचले. कुणाला काही कळलं नाही, मला तर नाहीच.

आता मिना मला ते समजावून सांगत होती, दुकानातल्या स्टुलावर बसून, बॅग मांडीवर घेऊन, शाळेतल्या बाईसारखी. तो घुं फॉल्ट नव्हता, म्हणजे होता, पण ताई तोच वाजवत होती. पत्र्याला हात लावला की घुं बारीक व्हायचा, हात उचलला की मोठा, एक बोट ठेवलं की मधला. अनवाणी उभी राहिली तर वेगळा, चपलेवर वेगळा. "हाताला झिणझिण्या येत्यात, मला तिनं लावून दाखवलं होतं," मिना म्हणाली. ताईच्या बापाच्या शेडची ती लाइन लहानपणापासून तशीच होती. हळद घोळायच्या ड्रमच्या बाजूला ताई गोणपाटावर झोपायची तेव्हापासूनचा तो घुं. पुण्यातल्या तळघरात सगळ्याला अर्थिंग केलेली, तिथं तो मिळायचा नाही. म्हणून ती गावाला आली होती. चाळीस मिनिटांतली पहिली दहा झाली होती, तेवढ्यात मी तार पिळली.

मी म्हणालो, टेस्टर पेटला होता. मिना म्हणाली, तिला माहीत होतं. मी म्हणालो, माहीत असलं म्हणून माणूस मरायचं राहत नाही. म्हणालो खरा, पण प्रियदर्शनी विजेनं मेली नाही. डेंग्यूच्या तापानं गेली, नांदेडला, चार दिवसांत. मग मिना खाली बघत म्हणाली, "ताई तुमाला बोलली न्हाई. बोलायची न्हाई ती. मी बोलून राहिले. राग आला तर येऊ द्या." मला राग आला नव्हता. मला त्या हाताचं उचलणं आणि ठेवणं दिसत होतं. चार वर्षं मी तो हात पाहिला होता आणि आज पहिल्यांदा तो काय करत होता ते मला कळत होतं. मी तिला म्हणालो, तू पुढं हो, मी एक-दीडपर्यंत पोचतो. तिनं विचारलं, "पक्कड घेऊन?" मी म्हणालो, पक्कड तर असतेच. याला तिनं हो धरलं असणार. ती गेली.

प्रियदर्शनीच्या आधी आमच्याकडं बाईनं डीजेच्या गाडीवर चढून मशीन चालवलेली कुणी पाहिली नव्हती. तिच्या भावाची, बंटीची पिकअप होती, त्यावर साऊंड बांधलेला. एका चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या वेळी बंटी तापानं फणफणला आणि ही चढली. तेव्हा ती बारावीत होती. लोक म्हणाले, पोरगी पोचलेली हाय. काही जण दुसरंही म्हणाले. लग्नानंतर आमच्या शेजारच्या नानीबाईनं मला कट्ट्यावर बसवून विचारलं होतं, "तुजी बायको गाडीवर उभी ऱ्हाती म्हणं? मंग तू काय करतोस, गाडीखाली?" मी म्हणालो, मी वायरिंग बघतो. ते खरंच होतं. पुढं ती पुण्याला लॅबमध्ये नोकरीला लागली, तिथं एका मैत्रिणीनं तिला तळघरात नेलं. परत आल्यावर तिनं मला जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण ती एरवी इतकं सलग बोलायची नाही. ती म्हणाली, "त्यात गाणंच न्हाई. आपल्याकडं गाणं लागलं की लांबून कळतं कुनाची वरात हाय, मग कुनी खिडकी लावतं, कुनी बाहेर येतं. तिथं नुसता ठोका. कुनाचा म्हनून इचारायला जागाच न्हाई." मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. मला ते संगीत आवडायचंही नाही, खोटं कशाला सांगू. अर्ध्या तासानं माझं डोकं धरायचं. पण त्या दिवशी शेडमध्ये मी पाहिलं की आमच्या वस्तीतली पोरं, तांड्यावरची पोरं आणि वरच्या आळीतली पोरं एकाच ठोक्यावर नाचत होती आणि कुणी खिडकी लावली नव्हती. शेडला खिडक्या नव्हत्या ही गोष्ट वेगळी. तिनं वाजवणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव कधी लावलं नाही. 'कुरुंदा' एवढंच लिहायची. पुण्यात लोकांना वाटायचं ते परदेशी नाव आहे.

मोटार तशीच टाकून मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि आत बसलो. अकरा वाजत आले होते. विचार करायचा होता, पण विचार असा येत नव्हता, गोपीचंद उस्तादांचे पाय येत होते. उस्तादांनी मला वाइंडिंग शिकवलं. पिठाच्या गिरणीत मोटार दुरुस्तीला गेले, बाहेर पाऊस होता, पाय ओले होते, मोटारीच्या बॉडीला अर्थिंग नव्हती. मी पोचलो तेव्हा ते आडवे होते आणि एक पाय दुसऱ्यावर असा होता की जणू दुपारचे पडलेत. त्यानंतर मी अर्थिंगच्या बाबतीत वेडा झालो, लोक म्हणतात ते खोटं नाही. गिऱ्हाइकानं मागितली नाही तरी मी खड्डा घेतो. बाजारात माझ्या नावावर हसतात, ह्यो भीमराज बकरीलाबी अर्थिंग मारंल म्हणतात. म्हणू देत. आता मिना मला सांगत होती की ती तार काढा. चाळीस मिनिटं एक पोरगी त्या पत्र्यावर उघडा हात ठेवणार, आणि खाली कोबा. काही होत नाही, हे मलाही माहीत होतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा झिणझिण्यांच्या पुढं काही होत नाही. उस्तादही नव्याण्णव वेळा घरी आले होते. आणि नाही काढली तर? नाही काढली तर प्रियदर्शनीचं ते वाजवणं कायमचं तिथंच तुटलेलं राहणार, दहाव्या मिनिटाला, आणि तोडणारा मी. एकदा न कळता तोडलं, आता कळून तोडणार. मी पाणी प्यालो. माठाचं झाकण सटकून पडलं आणि त्या आवाजानं मी दचकलो.

त्या दिवशी परत येताना ती माझ्या मागं मोटरसायकलवर बसली होती. औंढ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. तिनं कप दोन्ही हातांत धरला होता. ती म्हणाली, "अर्थिंग चांगली लागली." मी म्हणालो, मीठ भरपूर घातलं, दहा वर्षं बघायला नको. ती हसली. या हसण्यावर मी चार वर्षं जगलो. आता मी ते हसणं परत परत मनात आणून बघत होतो, टेस्टर लावून बघावं तसं, आणि ते पेटतही नव्हतं आणि विझतही नव्हतं. ती चिडली असेल का? चिडली असती तर मला कळलं असतं का? मला घुंसुद्धा कळला नव्हता, ज्याचं मी खातो. नांदेडला शेवटच्या दिवशी तिच्या बोटाला क्लिप लावलेली होती आणि मशीन टिक टिक करत होती. डोळे मिटून ती चादरीवर बोट आपटत होती. मला वाटलं, काही हवंय. मी वाकलो तर म्हणाली, "एकशे अठ्ठावीस. बराबर हाय." मशीनवर तोच आकडा होता, नाडीचा. मिनिटाला तेवढेच ठोके ती वाजवायची. मी नर्सला बोलावलं, आकडा फार आहे म्हणालो. म्हणजे तेव्हाही तिनं काहीतरी ऐकलं होतं आणि मी फॉल्ट शोधत होतो.

पावणेबाराला मी उठलो. ठरवलं असं काही नव्हतं, उशीर होत होता म्हणून उठलो. पक्कड भिंतीवरच्या खिळ्याला असते. तिच्या शेजारच्या खिळ्याला एक शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रीळ टांगलेली आहे, तिच्यावर पंख्याची छत्तीस नंबरची बारीक तार गुंडाळलेली, भोकात एक लोखंडी खिळा ठोकलेला. ती प्रियदर्शनीनं केलेली. कडेला पांढऱ्या पट्टीवर बॉलपेननं ११४० लिहिलं आहे, तिचा एकाचा आकडा असा खाली पाय फुटलेला असायचा, तसाच. ती गेल्यापासून मी त्या रिळीला हात लावला नव्हता. धूळ आली तर फुंकर मारायचो. शेडमधल्या त्या कार्यक्रमानंतर वर्षभरानं तिनं मला म्हटलं होतं, बारीक तारेची एक गुंडी करून द्या, दोन हजार वेढ्यांची. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, पाहायचंय. पंपाचा सीझन होता, माझ्याकडं मोटारींची रांग लागली होती. मी म्हणालो, उद्या. असे बरेच उद्या झाले. मग ती स्वतःच दुकानात यायला लागली, हाताच्या वाइंडिंग मशीनवर रीळ बसवून चार-दोनशे वेढे मारायची, गप्पा मारायची आणि जायची. मला वाटायचं, ती माझ्याजवळ बसायला येते. तेही असेल. एकदा तिनं विचारलं, "ही मोटारीजवळ धरली तर बोलंल का?" मी म्हणालो, "काय बोलंल? तार हाय ती." मी तेव्हा दुसऱ्याची मोटार उघडत होतो, मान वर केली नाही.

पक्कड हातात घेऊन मी त्या रिळीकडं बघत उभा राहिलो, आणि तिचा तो प्रश्न परत ऐकू आला. बोलेल. का नाही बोलणार? चालू मोटारीजवळ गुंडी धरली की तिच्यात वीज उठते, हे मी रोज बघतो, यावरच मोटार चालते. स्पीकरला जोडली तर मोटारीचा घुं स्पीकरमधून येईल. जवळ धरली तर मोठा, लांब नेली तर बारीक. हातानं वाजवता येईल. आणि अर्थिंगची तार जागेवर राहील. मी खाली बसलो. ती हे करत होती. मला न सांगता, माझ्याच मशीनवर, माझ्यासमोर. मी तार लावली होती, ती तिनं काढायला सांगितली नाही, तारेच्या बाजूनं वेगळा रस्ता खोदायला घेतला होता आणि अकराशे चाळीस वेढ्यांपर्यंत आली होती. असं मला वाटतं. तिला विचारता येत नाही. कदाचित तिच्या डोक्यात दुसरंच काही असेल आणि मी माझ्या सोयीचं धरतोय. पण मग ती मोटारीचं का विचारत होती?

उस्तादांचा एक नियम होता, आमच्या धंद्यात सगळेच तो पाळतात. दुसऱ्यानं अर्धं सोडलेलं वाइंडिंग पुढं चालवायचं नाही. तार कुठं दुमडली, कुठं सोलली, त्याच्या हाताचा ताण किती, आपल्याला माहीत नसतं. कापून टाकायचं आणि पहिल्यापासून आपलं भरायचं. तिची तार तर फारच वाईट होती. वेढे एकमेकांवर चढलेले, मधेच ढिले, मधेच ओढलेले. नवी गुंडी भरायला मला वीस मिनिटं लागली असती. मी रीळ मशीनवर चढवली, तिच्या तारेचं सुटं टोक सापडवलं, त्याला माझ्या तारेचं टोक जोडून सोल्डरचा डाग दिला आणि काउंटर अकराशे चाळीसवर आणून हँडल फिरवायला लागलो. जोडाची जागा बोटाखालून गेली तेव्हा मी हँडल हळू केलं. पुढं माझे वेढे सरळ बसायला बघत होते, पण खाली तिचे उंचसखल होते, म्हणून माझेही तसेच बसत गेले. इतकं वाकडं काम मी आयुष्यात केलं नसेल. दोन हजारला थांबलो. मीटर लावला. तार अखंड असली की मीटर वाजतो, तो गप्प. परत लावला. गप्प. आत कुठंतरी तार तुटलेली, म्हणजे तिच्या भागात, म्हणजे सगळं उकलायचं, आणि उकलली की ते अकराशे चाळीस संपले. साडेबारा होऊन गेले होते. मी डोळ्याजवळ धरून रिळीतून बाहेर आलेलं आतलं टोक पाहिलं, तिनं पहिल्या दिवशी बाहेर काढून ठेवलेलं. ते लालसर चकाकत होतं. तिनं त्यावरचं एनॅमल, ज्यातून वीज जात नाही, ते खरवडलंच नव्हतं. नवशिक्याची चूक. शिकायला येणारा पहिल्या आठवड्यात हीच करतो, आणि मी तिला शिकवलं कुठं होतं? ब्लेडनं मी ते टोक हळूहळू खरवडलं, तांबं दिसेपर्यंत. मीटर लावला. तो वाजला. मी दुकानात एकटा होतो, तरी म्हणालो, बराबर हाय.

शिरड शहापूर मागं पडलं तेव्हा दीड वाजला होता. शेडशी पोचलो तर लोक सावलीला बसले होते, चार वर्षांपूर्वीपेक्षा जास्त. काही चेहरे ओळखीचे, केस पिकलेला एक जण मला बघून उठून उभा राहिला, का ते कळलं नाही. माझे सासरे जळबा ड्रमजवळ बाजेवर बसले होते. त्यांना आता कमी दिसतं. मिना टेबल मांडून तयार होती, पायात चप्पल नव्हती. ती थेट माझ्याकडं आली आणि माझ्या हाताकडं पाहिलं.

"दाजी, तार?"

"न्हाई काढनार."

तिचा चेहरा उतरला, मग तापला. ती म्हणाली, मग आलात कशाला, मी या लोकांना काय सांगू, ताई असती तर. तिथं ती थांबली. मी खिशातून रीळ काढून तिच्या हातावर ठेवली. वायर आणि पिन मी दुकानातूनच लावून आणली होती. हे काय, तिनं विचारलं. मी म्हणालो, तुज्या ताईनं केलंय. अर्धं. मी तिला सांगितलं कसं धरायचं, आणि सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता, कारण मी असं काही कधी धरलेलं नव्हतं. चाललं नाही तर? मिनाला तोच प्रश्न पडला असणार, पण तिनं विचारला नाही. पट्टीवरचा आकडा तिनं वाचला आणि रीळ मुठीत घेतली. मी तिला आधी चप्पल घालायला लावली.

दोनला तीन मिनिटं कमी असताना लाइट गेली आणि सगळे हसले. मग आली. मी बोर्डावरचे तीन फेजचे दिवे पाहिले, तिन्ही पेटले होते, आणि ड्रमच्या मोटारीचं बटन दाबलं. रिकामा ड्रम फिरायला लागला, पत्रा जिथं दबला आहे तिथं दर फेऱ्याला टक् असा आवाज करत. मिनानं ठोका त्या टक् आवाजाला जुळवला. लोक उठले. तिनं रीळ मोटारीकडं नेली. काही नाही. अजून जवळ नेली, काही नाही, तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मिक्सरचं एक बटन फिरवलं, परत नेली, आणि मग जमिनीतून यावा तसा घुं आला. आधी नुसता कानाला, मग पायाला, मग पत्र्याच्या भिंतींना. तिनं हात मागं घेतला, तो लांब गेला. पुढं नेला, आला. त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत ऐकला होता तसा अगदी नव्हता. हा जरा जाड होता, आणि मधेच कुठंतरी खरखरत होता, बहुतेक आमच्या जोडाच्या जागी. सासरे बाजेवरून ओरडून मला म्हणाले, "भीमराज, मोटार बसली का रं? बघ की."

न्हाई बाबा, ठीक हाय, असं मी म्हणालो, पण त्यांना ते ऐकू गेलं नसेल. मी मिक्सरच्या पत्र्याला टेस्टर लावला. पेटला नाही. घुं वाढत होता, लोक डोळे मिटून उभे होते, दहा मिनिटं झाली, अकरावं लागलं. तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप बोर्डाकडं गेला, फॉल्ट शोधायला. मी तो पाहिला आणि मागं घेऊन खिशात घातला, आणि चाळीस मिनिटं तिथंच ठेवला.